कन्याकुमारीचं सामान

लोक प्रवासाहून आले की किस्से सांगतात. आमचे सगळे किस्से निघायच्या आधीचे! परळीतले आम्ही चौघं सायकलवाले. परळी ते कन्याकुमारी सायकलवर, वाटेत तंबूत मुक्काम, असा बेत. दरवर्षी दिवाळी झाली की सामान बांधायचं आणि दरवर्षी काहीतरी आडवं आलं की सोडायचं. दोऱ्या झिजल्या, टायर मात्र नवेकोरे!

चौघं म्हणजे मी, थर्मल वीजकेंद्रातून रिटायर झालेला. किराणा दुकानवाले मन्मथअप्पा. शाळेवर मास्तर असलेला सुदाम. आणि सायकल दुरुस्तीवाले फेरोजभाई. मागच्या वर्षी फेरोजभाईंनी दुकान बंद करायचं ठरवलं. "आता सायकल कोन दुरुस्त करतंय साहेब? पोरगं पुन्याला बोलावतंय." म्हणजे निघालो तर त्याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

*

तंबू ऑनलाइन मागवला. माझ्या गच्चीवर उभा केला, झकास उभा राहिला! पण घडी घालून परत पिशवीत कोंबायला गेलो तर जाईना. अप्पा त्याच्यावर बसले. सुदामनं चेन ओढली, ती हातातच आली.

मी कावलो, "याच पिशवीतून निघाला ना बे हा?"

फेरोजभाई शांतपणे म्हणाले, "रिटायर झाल्यासारखं हाय साहेब. एकदा भाईर पडलं की परत आत जागा न्हाई!"

सगळे हसले. मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

*

सामान कमी करायचं ठरलं. प्रत्येकानं आपल्या सायकलवर काय लादलंय ते दाखवायचं. अप्पांच्या कॅरिअरवर पाण्याचा भला मोठा जार!

"अप्पा, जागोजागी पाणी मिळतंय. आणि जिथं चाललोय तिथं तिन्ही बाजूंनी समुद्र हाय!" सुदाम म्हणाला.

"खारट हाय ते," अप्पा म्हणाले. "आन् बीडच्या माणसाला पाण्याचा भरवसा देऊ नको."

अप्पांनी स्टँड काढला. मागच्या वजनानं पुढचं चाक उचललं आणि सायकल घोड्यासारखी उभी राहिली. अप्पा हँडलला लोंबकळत ओरडले, "बघा, तिला लई घाई झालीय जायची!"

*

मग ट्रायल. सगळं सामान लादून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलो. घाट चढताना तोंडाला फेस आला. हेल्मेट, गॉगल, घट्ट पँटी, आपण कोणीतरी मोठे प्रवासी आहोत असं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात वस्तीवरून एका बाईनं हाक मारली, "ओ चटईवाले! थांबा की वं!"

मी मान खाली घातली. सुदाम म्हणाला, "मावशी, आमी इकायला न्हाई आलो. फिरायला निघालोत."

"आसं एवढं वझं घिऊन?" बाईनं आमच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की आम्हाला आमचीच कीव आली.

थोडं पुढं गेल्यावर अप्पा दिसेनात. मागं वळून बघतो तर काय, अप्पांनी तिला स्वतःची स्लीपिंग मॅट विकली होती! वर आम्हालाच म्हणाले, "गिऱ्हाईक चालत आलं तर काय हाकलून देऊ?"

*

एवढं करून आम्ही निघालोच नाही. का, ते शेवटी सांगतो.

फेरोजभाईंनी ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या होत्या, सायकलच्या दोन्ही अंगांना लटकवायच्या. चौघांसाठी, स्वतःच्या हातानं. दुकानाचं शटर शेवटचं ओढल्यावर त्यांना निरोप द्यायला आम्ही गेलो. त्याच पिशव्यांत त्यांचे कपडे, पत्नीची भांडी, नमाजाची चटई. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत पिशव्या ठेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "भाई, ह्या तर कन्याकुमारीच्या!"

"निघालो तर खरं साहेब," ते म्हणाले, "रस्ता तेवढा चुकला."



*

आता तो निघायचा दिवस, भाई पुण्याला जायच्या आधीचा.

सुदामच्या घरून निघायचं ठरलं होतं. सुदामचे आई-बाप जन्मभर, दिवाळी झाली की संसार बांधून, कारखान्यांवर ऊसतोडीला गेले. बाप तिकडंच, पाचटाच्या कोपीत वारला. नोकरी लागल्यावर सुदामनं आईसाठी स्लॅबचं घर बांधलं, तेव्हापासून म्हातारी गाव सोडून कुठं गेली नाही.

सकाळी आम्ही भरल्या सायकली घेऊन पोचलो. सुदाम अंगणात सामान बांधत होता. ताडपत्री, स्टोव्ह, पातेलं, पिठाची पिशवी, पांघरूण. म्हातारी आतून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"कोन्त्या कारखान्याला?" तिनं विचारलं.

"कारखान्याला न्हाई माय. फिरायला चाललोत. कन्याकुमारीला."

"झोपायचं कुटं?"

"तंबूत."

"आन् सैपाक?"

"वाटंनं. हे काय, स्टो घेतलाय की."

म्हातारी खाली आली. पातेल्यावरून हात फिरवला, ताडपत्री चाचपली. मग वळून घराकडं बघितलं, भिंतीकडं, दाराकडं, वरच्या स्लॅबकडं. आमच्यासमोर बोलायला नको म्हणून सुदामच्या जवळ गेली, पण आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"सुदाम, खरं सांग लेकरा. घर कुनी घेतलं का रं आपलं?"

सुदाम खाली बसला आणि दोरीची गाठ सोडायला लागला. फेरोजभाईंनी दुसरं टोक धरलं.