फक्कीतलं हॉटेल

"मॅडम, आधी डोळे मिटा," जितू म्हणाला.

मी मिटले नाहीत. क्लायंटसमोर डोळे मिटून बसायची माझी पद्धत नव्हती, आणि बाहेर दोघंजण ताटकळत होते. मग त्यानेच मिटले. "दिसतंय मला. एसी फॅमिली हॉल. सगळी टेबलं फुल. बाहेर गाड्यांची लाइन. दारात कारंजं. काउंटरवर मी, सूटमध्ये."

शेजारी त्याच्या आई, काशीताई, माझ्या टेबलावरचा पेपरवेट उलटासुलटा करत बसल्या होत्या.

ही दोन हजार आठ-नऊ सालची गोष्ट. जुन्या पनवेलात, एका मेडिकलच्या वर माझं ऑफिस होतं. मी आर्किटेक्ट. विमानतळ येणार म्हणून सगळा परिसर तेव्हा हवेत होता. उलव्यात बिल्डिंगी उगवत होत्या आणि गावागावातली पोरं हातात नकाशे घेऊन माझे जिने चढत होती. जितू वाशीला दोन दिवसांचं शिबिर करून आला होता. विषय, व्हिज्युअलायझेशन. म्हणजे जे मिळवायचंय ते मिळालंच आहे असं रोज मनात बघायचं, तशी चित्रं कापून एका बोर्डावर चिकटवायची, की ते होतं. तो बोर्ड त्याने काखेत मारून आणला होता. त्यावर सूटमधला एक माणूस होता आणि त्याच्या मानेवर जितूचा पासपोर्ट फोटो चिकटवलेला. मला हसू आवरेना.

काशीताईंना मात्र मी आधीपासून ओळखत होते. गोवा हायवेवर, कर्नाळ्याच्या अलीकडे, ताडपत्रीखाली त्यांची चूल असायची. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, तळलेला बांगडा. साइटवर जाताना मी तिथेच जेवायचे. ट्रक ड्रायव्हरांच्या शेजारी, फळीवर. त्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे, उगीच नाही सांगत.

त्यांची शेती भूसंपादनात गेली होती. हायवेला लागून, त्या चुलीशेजारचा एकच तुकडा उरला होता आणि सगळं त्याच्यावर लावायचं ठरलं होतं. हॉटेल चाललं नाही तर दुसरा तुकडा नव्हता. जाताना काशीताईंनी मला जिन्यात हळूच एवढंच सांगितलं, "बाय, हा आमचा शेवटचा डाव हाय. नीट करा."

मी नीट केलं, असं मला वाटलं. जितूला हवं तसं सगळं बसवलं. पुढे एसी हॉल, दारात कारंजं, बाजूला पार्किंग, अगदी मागे भिंतीआड किचन. वर थ्री-डी व्ह्यू काढून दिला. इमारत बांधल्यावर कशी दिसेल त्याचं हे रंगीत चित्र. तेव्हा ते नवीन होतं आणि लोक त्याच्यावर फिदा असायचे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक लाल गाडी आणि शॉपिंग बॅग घेतलेली एक गोरी बाई तयारच यायची. प्रत्येक व्ह्यूत ती दोघं असायचीच. पनवेल तालुक्यातल्या किती इमारतींसमोरून ती बाई चालत गेली असेल, देव जाणे!

जितूने तो व्ह्यू छातीशी धरला. काशीताईंनी त्या बाईवर बोट ठेवलं.

"ही कोन?"

"कस्टमर, आई."

"ती काय खाते?"

आम्ही दोघं हसलो. मी तर जरा जास्तच हसले. आता आठवलं की लाज वाटते.

मग लाइनआउटचा दिवस आला. लाइनआउट म्हणजे कागदावरचा प्लॅन खऱ्या मापात जमिनीवर आखायचा. दोरी ताणायची आणि तिच्या कडेने पांढरी फक्की, म्हणजे चुन्याची पूड, सोडत जायचं. दुसऱ्या दिवशी त्या रेघांवर खणायला जेसीबी येतो. नारळ फुटला, पेढे झाले. बांधकाम घेतलेले मिस्त्री दोरी गुंडाळत होते, मी घड्याळ बघत होते. काशीताईंनी चपला काढल्या आणि त्या रेघांच्या आत शिरल्या.

"हा दरवाजा?"

"हो."

"हा हॉल. आनि मी कुटं?"

मी मागचं किचन दाखवलं. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मग ओरडल्या, "जित्या, ताडपत्रीखालून भाकरी घेऊन ये. चार ताटं आन. बाय, तुमी शेवटच्या टेबलावर बसा. मिस्त्री, तुमी पन."

"आई, हे काय चाललंय?" जितू वैतागला. "जेसीबीवाल्याला फायनल सांगायचंय."

"तू रोज डोले मिटून हाटेल बघतोस ना? आज मना बघू दे."

आणि भर उन्हात, रिकाम्या प्लॉटवर, त्या बाईने हॉटेल सुरू केलं. मी फक्कीच्या चौकोनात जमिनीवर बसले होते. साडी पांढरी झाली, मी मनात चरफडत होते. काशीताई किचनच्या रेघेत उकिडव्या बसल्या, डोळे मिटले आणि हवेत भाकरी थापू लागल्या. थापायची, टाकायची, उलटायची. "झाली. ने." जितू ताट घेऊन निघाला. "भिंत हाय तिथं! दारातनं जा!" तो वळसा घालून आला. त्याच दारातून मिस्त्री आपलं उष्टं ताट परत न्यायला निघाले होते. दोघं दारात समोरासमोर थडकले. पुढच्या खेपेला परत थडकले. माझ्यापर्यंत पोचायला त्याला पन्नासेक पावलं चालावी लागली. पाचव्या खेपेला त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

"भाकर निवली," काशीताई डोळे न उघडता म्हणाल्या. "निवलेली भाकर मी कवा कुनाला दिली नाय."

मग त्या उठल्या. रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि रस्त्याकडे गेल्या. "आता सकाल झाली. मासली आली. कुठनं आत नेऊ?"

मी प्लॅन उघडला आणि पाटीची वाट बोटाने शोधू लागले. प्लॉटच्या मागे नाला, बाजूला पार्किंगची भिंत. किचनला बाहेरून दारच नव्हतं. मासळीची गळकी पाटी कारंज्याजवळून, एसी हॉलमधून, जेवणाऱ्यांच्या खुर्च्यांना घासत आत जाणार होती. मासळीच्या हॉटेलात मासळीलाच वाट नाही! बारा वर्षांची प्रॅक्टिस माझी, आणि हे मला दिसलं नव्हतं. मी ते हॉटेल रस्त्यावरून बघितलं होतं, लाल गाडीतून. चुलीपाशी बसून बघितलंच नव्हतं.

"माझी चूक आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी धंद्यात फार वेळा म्हटलेलं नाही.

"तुमची एकटीची नाय, बाय. याला विचारा." त्या जितूकडे वळल्या. "मी मागं भिंतीआड. मना कोनाचं तोंड दिसनार नाय. जेवनाऱ्याचं तोंड बघितल्याबगर कलतं काय, मीठ कमी पडलं का भूक जास्ती हाय ते?"

मी विचारलं, "जितू, तू डोळे मिटतोस तेव्हा तुझ्या हॉटेलात आई कुठे असते?"

"घरी असते," तो म्हणाला. "खाटेवर. आराम करते. बावीस वर्षं धुरात बसलीये, मॅडम. म्हणून तर हे सगळं."

काशीताईंनी पाटी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज चढाच होता. "येड्या, घरी बसून मी काय भिंतीला भाकऱ्या वाढू?"

मिस्त्री खोकल्यासारखं करून पलीकडे गेले. मीही उगीचच टेप गुंडाळत बसले.

मग जितूनेच झाडू घेतला आणि रेघा पुसल्या. जेसीबीला चार दिवस थांबवलं. नव्या आखणीत तवा पुढे आला, हॉलला लागून, उघड्या ओट्यावर, वर मोठी चिमणी. काशीताईंना प्रत्येक टेबल दिसेल असा. ताटं जायला एक वाट, उष्टी यायला दुसरी, मासळीला बाजूने स्वतःचं दार. एसी हॉल अर्धा झाला. कारंज्याच्या जागी हात धुवायचं बेसिन आलं. जितूला कारंज्याचं फार वाईट वाटलं, त्याने दोन दिवस माझा फोन उचलला नाही.

हॉटेल चाललं. रविवारी कर्नाळ्याच्या किल्ल्यावरून उतरलेली मंडळी दारात नंबर लावून उभी राहायची. जितूच्या मनातली गाड्यांची लाइन तेवढी खरी झाली, हे कबूल करायला हवं. सूट त्याने लग्नात घातला. काशीताई ओट्यावरून ओरडायच्या, "बाय, आज मीठ बरोबर हाय ना?" आणि मी तोंड भरलेलं असल्याने नुसती मान हलवायचे. ते दिवस आठवले की मला खरंच भूक लागते.

काही वर्षांनी काशीताई गेल्या. हायवेच्या रुंदीकरणाची धूळ तेव्हा तव्यापर्यंत येत होती. वर्षभराने जितूचा फोन आला. उलव्याला दुसरं हॉटेल काढत होता. मी प्लॅन घेऊन गेले. व्ह्यू नव्हता, त्या दिवसानंतर मी लाइनआउटच्या आधी कुणालाच व्ह्यू दिला नाही. जितूने प्लॅन उघडलाही नाही. चपला काढून तो रिकाम्या प्लॉटवर गेला, डोळे मिटून थोडा वेळ उभा राहिला. मग मूठभर फक्की घेऊन वाकला आणि एक चौकोन काढला.

"हा तवा," तो म्हणाला. "इथून सगळी टेबलं दिसली पाहिजेत. बाकीचं तुम्ही बसवा."

"पण इथे बसणार कोण?" मी विचारलं.

"ते मला अजून दिसत नाही, मॅडम," तो म्हणाला. "पण जागा आईचीच ठेवा."

मी गाडीतून दोरी आणायला गेले आणि जरा जास्त वेळ तिथेच थांबले. डिकीत काशीताईंच्या त्या लाइनआउटपासून फक्कीची एक पिशवी कायम असते. स्वप्न बघायला माझी कुणालाच ना नाही. फक्त क्लायंटला मी आधी जमिनीवर बसवते आणि ताट कुठून येणार ते विचारते.