तांबड्या पेशीचे कैवारी

माझ्या साडूंइतका रक्ताला जागणारा मनुष्य उभ्या चंदीगडात दुसरा नव्हता, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. सेक्टर १७ मध्ये कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या माझ्यासारख्या इसमास शब्दांचे वजन कळते. साडू लष्करी इस्पितळात रक्त तपासणारे डॉक्टर. माणसे त्यांना चेहऱ्याने आठवत नसत, थेंबाने आठवत. जेवावयास बोलावले तरी खिशात काचपट्ट्या आणि टोचणी. यजमान नुसता शहारला तरी त्याचे बोट यांच्या चिमटीत! मलेरियाचा जंतू तर त्यांचा खाजगी वैरी. "साडूबुवा, हा नग तांबड्या पेशीत शिरतो, आतलं सगळं खातो, तिथंच पोरंबाळं वाढवतो आणि पेशी फोडून दुसरीत घुसतो. एकदम हजारो फुटल्या की माणूस कुडकुडतो!" मी म्हटले, हे बेकायदा कब्जाचे उघड प्रकरण आहे, अर्ज मी लिहितो. ते हसले नाहीत. जंतू डोळ्यांनी पाहिल्याखेरीज गोळी द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट.

पंजाबातील दहशतवादाच्या त्या अशांत वर्षांत, ऐन संचारबंदीत, माझ्या पत्नीस, कुसुमला, हुडहुडी भरली. तीन रजयांखाली तिची खाट वाजू लागली. शेजाऱ्यांच्या फोनवरून साडूंना कळवून मी त्यांच्या येण्याच्या परवान्यासाठी सविस्तर अर्ज लिहावयास बसलो. "अहो, मी मरतेय इथं! अर्ज राहू द्या, पाणी द्या!" पत्नी ओरडली. इतक्यात साडू दारात. मागे बंदूकधारी शिपाई.

नाक्यावर घडले ते असे. सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी पाहून शिपायाने बंदूक रोखली. "डिब्बे में क्या है?" साडूंनी उलट विचारले, "तुम काँप क्यों रहे हो, यार? हाथ दो!" आणि त्याचे बोट टोचले. आता पेटीवर नजर ठेवावयास आणि स्वतःचा निकाल ऐकावयास तो सोबत आला होता.

पत्नीचेही बोट टोचून, दोन्ही काचपट्ट्या रंगवून साडू खिडकीशी बसले.

"सापडला! कुसुम, अंगठीसारखा बसलाय बघ पेशीत. घे गोळ्या."

"दिसला एकदाचा! आता तरी द्या, भावोजी."

मग शिपायाची पट्टी. साडूंनी ती दोनदा पाहिली. "तुम्हारा खून एकदम साफ है, जी. फिर काँपते क्यों हो?"

शिपायाने बंदुकीकडे पाहिले. "साहब, डर लगता है. नाके पे अकेला हूँ."

यावर साडूंजवळ गोळी नव्हती. पत्नीस घाम फुटून डोळा लागेपर्यंत ते थांबले, शिपायाला चहा पाजला आणि उठले. "साडूबुवा, याला सोडून येतो."

खिडकीतून मी पाहत राहिलो. रुंद, रिकाम्या रस्त्यावर माझे निःशस्त्र साडू त्या बंदूकधाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालले होते, आणि काहीतरी समजावीत होते.