साक्षीदाराचा रकाना

पृथ्वीवर ज्याचा काडीचाही विश्वास नाही असा माणूस मी एकच पाहिला: जपानमधल्या त्सुकुबातले आमचे शेजारी काका. भूकंपात इमारती कशा पडतात हे शोधण्यात त्यांची उभी कारकीर्द गेली. त्यांच्या घरी कपाटं भिंतीला, टीव्ही टेबलाला आणि गणपती पाटाला पट्ट्यांनी बांधलेला असे. हॉटेलात शिरले की ते आधी टेबलाखाली वाकून जागा बघत, मग मेनू. प्रयोगशाळेच्या वहीत करणाऱ्याची सही आणि शेजारच्या रकान्यात साक्षीदाराची सही लागते. हा नियम काकांनी घरी आणला होता. घरच्या वहीत ‘गॅस बंद केला’ याखाली काकांची सही, शेजारी काकूंची. "लग्नात एकदाच सही केली असती तर भागलं असतं," असं म्हणत काकू रोज सही करायच्या.

२०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर काका किनाऱ्यावरच्या गावांत गेले. पाणी भिंतींवर कुठवर चढलं होतं, ते महिनाभर मोजत होते. परतल्यावर त्याबद्दल बोलले नाहीत आणि पुन्हा समुद्राजवळही गेले नाहीत. योकोहामाला एका लग्नात ते बंदराकडे पाठ करून जेवले. काकूंना मात्र ग्रीस बघायचं होतं. कड्यावरचं समुद्रदेवाचं देऊळ, आणि मग खाली उतरून दोघांनी पाण्यात पाय बुडवायचे. काकूंनी हे त्याच वहीत लिहून ठेवलं होतं. काका म्हणत, "पुढच्या वर्षी नक्की." अशी काही वर्षं गेली, काकू आजारी पडल्या आणि त्याही गेल्या.

त्यानंतरच्या वसंतात काका वही घेऊन माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, "सुट्टी काढ. साक्षीदार लागणार आहे."

ग्रीसमध्ये त्यांनी त्या देवळाला प्रदक्षिणा घातली, पण खांबाच्या उंचीइतकं अंतर राखून. "हा देव समुद्राचा आणि भूकंपाचाही. दोन्ही खाती एकाकडेच!"

"काका, जवळजवळ अडीच हजार वर्षं उभं आहे हे."

"छप्पर कुठाय?"

छप्पर नव्हतं.

खाली छोटा किनारा होता. काकांनी रस्त्यावर परत जायच्या पायऱ्या मोजल्या, दोनदा. वाळू सुरू होते तिथे ते थांबले. बराच वेळ थांबले. मी म्हटलं, "काका, इथून बघितलं तरी चालेल."

"वहीत तसं लिहिलेलं नाही."

त्यांनी बूट काढले आणि टाचा समुद्राकडे, टोकं रस्त्याकडे करून ठेवले, म्हणजे पळताना वेळ जायला नको. पँट दुमडली आणि घोट्यापर्यंत पाण्यात गेले. हाताच्या मुठी घट्ट होत्या. लाटा येत राहिल्या. एरवी सगळं मोजणाऱ्या त्या माणसाने लाटा मात्र मोजल्या नाहीत.

"गार आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हिला सांगितलं होतं मी, गार असेल म्हणून."

बाहेर येऊन त्यांनी वही उघडली, काकूंच्या ओळीखाली ‘पाय बुडवले’ असं लिहून सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी शेजारच्या रकान्यात सही करायला वाकलो, तर त्यांचा ओला हात मध्ये आला.

"तिथे नको. खाली कर. ती जागा हिची आहे."

मी खाली केली.

परतीच्या विमानात काकांनी वही मांडीवर ठेवली आणि पट्टा तिच्यावरून लावला.