अर्ध्या गल्लीत म्हटलेलं मंगळ

माझ्या आत एक आवाज राहतो आणि तो मला कधी चांगलं बोललेला मला आठवत नाही. आम्ही तंजावूरची मराठी माणसं. बाजारात तमिळ, कॉलेजात शिकवताना इंग्रजी, घरात आमची जुनी मराठी. हा आवाज मात्र फक्त मराठीतच बोलतो. वर्गात धडा चांगला झाला की म्हणतो, आज मुलं झोपेत होती म्हणून निभावलं. सांबार बिघडलं की म्हणतो, तुझ्याकडून दुसरं काय होणार. बढती मिळाली त्या दिवशी तो म्हणाला होता, आता सगळ्यांना कळेल. काय कळेल ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण तो आवाज अप्पांचा आहे असं मी धरून चालले होते. वडिलांना उलट प्रश्न विचारायची आमच्या घरी रीत नव्हती.

अप्पांना गाण्यात चूक खपत नसे. भजनात कुणाचा सूर पडला की ते उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि गाणारा माणूस गप्प व्हायचा. शाळेत असताना एकदा ते बोट माझ्यासाठी वर गेलं. रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. पण मी त्या दिवसापासून चारचौघांत गायलेच नाही. गाऊ नकोस असं कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच सोडून मोकळी झाले.

आमच्या घरी चैत्रात रामाचा उत्सव असतो, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. नवमीच्या सकाळी घरातल्या एकानं उंछवृत्तीला जायचं, म्हणजे खांद्याला तांब्याचं भांडं अडकवून, हातात चिपळ्या घेऊन, रामाची पदं म्हणत गल्लीतून फिरायचं. दारोदार लोक मूठमूठ तांदूळ घालतात आणि त्याच तांदळाचा त्या दिवशी नैवेद्य होतो. गल्ली पुरी करून घरी देवापुढे आलं की शेवटी मंगळ, म्हणजे समाप्तीचं पद, म्हणायचं. मंगळ झालं की भांडं खाली उतरतं आणि उत्सव संपतो. हे काम जन्मभर अप्पांनी केलं. मग मागच्या पावसाळ्यात त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. काहीही विचारलं तरी नुसतं ‘अं’ यायचं, आणि तेवढ्यालाही घाम फुटायचा.

चेन्नईहून धाकट्या भावाचा फोन आला. "अक्का, यंदा शेवटचं करू या. पुढं कोण करणार आहे? आणि अप्पांना आता काय कळतं?" मी म्हटलं, बरं. मग गाणारं कुणी सापडेना तेव्हा मीच म्हणाले, मी जाते, नाही तरी शेवटचंच आहे. आतला आवाज म्हणाला, छान, बुडवायला योग्य माणूस मिळालं.

नवमीला सकाळी निघालो. पुढं मी, मागं चाकाच्या खुर्चीत अप्पा आणि खुर्ची ढकलणारे माझे यजमान. पहिल्या दारी पद सुरू केलं तेव्हाच माझा सूर खाली गेला, आणि धृपदात एका वळणावर तर चक्क घसरला. तांदूळ पडले, मी पुढं गेले. आत टकळी चालूच होती. बघ, ती दारातली शेजारची मामी हसली. बघ, अप्पांनी डोळे मिटून घेतले. ऐकवत नसेल त्यांना. असं करत करत निम्मी गल्ली झाली आणि एका घरासमोर मला पुढची ओळच आठवेना. डोकं रिकामं झालं. आणि त्या घाबरलेल्या तोंडातून भलतंच काहीतरी सुरू झालं. सवयीनं जीभ कुठं गेली ते मला कळलं, तोवर दोन ओळी होऊनही गेल्या होत्या. मी मंगळ म्हणत होते.

आमच्या लोकांत याच्याहून वाईट चूक कोणती असेल मला ठाऊक नाही. पुढची निम्मी दारं तांदूळ घेऊन ताटकळत उभी आणि मी रस्त्यात उत्सव संपवून टाकला. समोरच्या मामी हातातली वाटी तशीच धरून तमिळमध्ये म्हणाल्या, "इतक्यात संपलं?" एकदोघं आत वळलेही. यजमान हळूच म्हणाले, "राहू दे गं. घरी जाऊ." आतला आवाज या वेळी ओरडला नाही. तो अगदी शांतपणे म्हणाला, बंदच करायचं होतं ना तुला, केलंस. मी भांडं उतरवायला खांद्याशी हात नेला. मला रडू फुटत होतं.

तेव्हा मागून गाणं आलं.

मला आधी वाटलं कुणाच्या मोबाइलवर काही लागलंय. वळून पाहिलं तर अप्पा गात होते. ज्यांना पाणी हवंय एवढं सांगता येत नव्हतं ते माझे अप्पा, डाव्या हातानं खुर्चीवर ताल धरून, सुरुवातीचं पद पहिल्या अक्षरापासून म्हणत होते. आवाज जाड आलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण शब्द न्‌ शब्द स्पष्ट. आणि मग माझ्या लक्षात आलं. ते माझ्या सुरात गात होते. त्यांच्या नेहमीच्या उंच सुरात नव्हे, मी सकाळी धरलेल्या त्या पडक्या सुरात. धृपदात जिथं मी घसरले होते तिथं तेही तसेच घसरले, माझं चुकीचं वळण जसंच्या तसं घेऊन पुढं गेले. गाणाऱ्याची चूक ज्यांनी आयुष्यात पुढं जाऊ दिली नाही, त्यांनी माझी चूक गाण्यात सामावून घेतली होती.

दुसऱ्या धृपदाला मी त्यांच्यात आवाज मिसळला. आत गेलेली माणसं बाहेर आली. मामींनी वाटी भांड्यात उपडी केली आणि अप्पांच्या पायांना हात लावला. उरलेली गल्ली आम्ही दोघं गात गेलो. त्या वेळात माझ्या आत कुणीही बोलत नव्हतं. इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. घरी आल्यावर रामापुढं मंगळ पुन्हा म्हटलं, तेही दोघांनी.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या जागी असतं. गल्ली म्हणाली, रामानं गाऊन घेतलं. मी दोघांनाही मान डोलावली. रामाला कुठल्या वाटेनं यायचं ते त्याचं त्याला ठाऊक, मी कोण विचारणारी.

अप्पा दुपारपासून पुन्हा ‘अं’वर आले. संध्याकाळी त्यांना भात भरवत होते तेव्हा आतला आवाज परतला. सूर किती खाली होता, म्हणाला. मी घास हातात धरून अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. ते शांतपणे पुढच्या घासाची वाट बघत होते. इतकी वर्षं मी यांच्या नावावर काय काय खपवलं होतं. हा आवाज यांचा नव्हताच. अप्पांनी फार तर एक बोट वर केलं होतं, बाकीचं सगळं माझं मीच रचलेलं होतं. मला त्यांच्यासमोरच रडू आलं आणि त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं.

भावाला फोन केला आणि सांगितलं, शेवटचं नव्हतं, पुढच्या वर्षीही होईल.

"गाणार कोण?"

"मी."

"तुला जमेल, अक्का?"

आत कुणीतरी लगेच म्हणालं, नाही जमणार. खरंच होतं ते. त्या सकाळी मला जमलं नव्हतंच, भर रस्त्यात चुकले होते. पण चुकले की सगळं संपतं, असं जे तो आवाज मला जन्मभर सांगत आला ते मात्र खोटं निघालं. संपवून टाकलेलं मी माझ्या कानांनी पुन्हा सुरू होताना ऐकलं होतं.

"नाही जमणार," मी भावाला म्हणाले. "पण मी गाईन. पुढचं राम बघेल."