सरांनी मोडलेला सौदा

"चालेल की."

एवढंच म्हणायचे सर. भाजीवालीने माठाची पेंडी दुप्पट भावाने सांगितली, "चालेल की." गवंडी चार दिवसांचं सांगून दहा दिवस फिरकला नाही, तरी चष्मा वर सरकवून, "चालेल की." अशी माणसं तुमच्याही आळीत असतील. लोक त्यांना साधी म्हणतात. मी म्हणतो, अशी माणसं आपल्यासारख्यांचं नाव घालवतात.

लांज्याच्या वाटेवर माझी चिऱ्याची खाण आहे. एके काळी दुसऱ्याच्या खाणीतले चिरे डोक्यावरून वाहिले, मग स्वतःची खाण घेतली, मग ट्रक. सगळं तोंडाच्या जोरावर. भाव मी चढाच सांगतो. गिऱ्हाईक उतरवणार, मी कपाळावर हात मारणार, ते पाठ फिरवून चालू लागणार, मी हाक मारणार, मग चहा. सर घर बांधायला निघाले तेव्हा त्यांनाही असाच चढा भाव सांगितला. ते म्हणाले, "चालेल की," आणि गेले. माझं तोंड उघडं ते उघडंच. गावभर झालं, ह्याने मास्तरला लुबाडलं, तेही पदरात असं पोर असलेल्या मास्तरला. सर एकदाही कोणाला म्हणाले नाहीत, 'घासाघीस मीच केली नाही.' हा राग मी अजून सोडलेला नाही.

पोराचं सांगतो. सर आणि वहिनी आठ वर्षं इथियोपियात शिक्षक होते. पोटी मूल नव्हतं. तिकडच्या अनाथाश्रमातली दोन वर्षांची मुलगी त्यांनी कोर्टातून रीतसर दत्तक घेतली आणि नव्याण्णवच्या सुमाराला तिला घेऊन रत्नागिरीला परत आले. तिचं नाव आल्माझ. मोठे डोळे आणि डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं. पहिले आठ दिवस आळीतल्या बायका ते केस दाबून बघायलाच येत होत्या.

पोर रडायची नाही. तेच वाईट होतं. कोणी अनोळखी आलं की ती गुपचूप आपल्या लाल चपला पायात घालायची आणि त्या माणसाजवळ जाऊन उभी राहायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला गंमत वाटली. म्हटलं, "सर, लेक फिरायला तयार!"

सर हसले नाहीत. "तिला वाटतं, तुम्ही तिला न्यायला आलात. आम्हीही असेच एक दिवस गेलो होतो ना. बघितलं आणि घेऊन आलो."

पोर खाईना, वजन भरेना, अंगात सारखी कसर, बारीक ताप. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम नाही, तिला वेळ द्या. पण वेळ द्यायला आळीत धीर कोणाला? शेजारच्या आक्कांनी उपाय काढला.

"विकून टाका तिला."

वहिनींचा चेहरा पांढरा पडला.

"अगो, खरं नाय! आमच्या लहानपणी करायचे. ज्याची पोरं धडधाकट, त्याला मूठभर तांदळांना विकायचं. दुखण्याला वाटतं, हे पोर ह्यांचं नव्हेच. ते वाट चुकतं. पोर राहतं तुमच्याकडेच."

माझी चारही पोरं धडधाकट. आणि सौदा करायला माझ्याहून बरा कोण? सरांना विचारलं, तर वहिनींकडे बघून म्हणाले, "चालेल की."

रविवारी सकाळी मी इस्त्रीचा सदरा घालून, तांदळाचा डबा घेऊन गेलो. पडवीत आक्का आणि आळीतल्या पाचसहा बायका जमल्या होत्या. आक्कांनी बजावलं होतं, घासाघीस खरी वाटली पाहिजे. तिथे मी कमी पडतो होय!

"ही एवढीशी? हिची अख्खी मूठ? अर्धी देतो."

बायका हसल्या. "वाढवा हो, शेठ!"

"वाढवू कशाला? खाणार किती, कामाला येणार कधी?"

आता सरांनी 'एक मूठ, कमी नाही' म्हणायचं ठरलं होतं. ते खांबाला धरून नुसते उभे. "बोला सर! नाहीतर मी निघालो हां," म्हणत मी धंद्यातल्यासारखी पाठ फिरवली. गुडघ्याला काहीतरी लागलं म्हणून खाली बघितलं. आल्माझ होती. पायात लाल चपला, उलट्यासुलट्या. माझ्या हातात द्यायला तिने हात वर केला होता.

सर दोन ढांगांत आले आणि त्यांनी तिला उचललं.

"नाही चालणार."

हा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"अहो सर, खोटं खोटं..." आक्का म्हणाल्या.

"खोटं आहे हे आपल्याला ठाऊक. तिला नाही. तिला एकदा दिलेलं आहे, आक्का. पुन्हा कोणी देणार नाही, खेळातसुद्धा नाही. शेठ, तुम्ही जा आता."

सगळ्या बायकांसमोर! माझ्याच चिऱ्यांनी बांधलेल्या घरातून! मुठीतले तांदूळ मी अंगणात भिरकावले, "तुमच्याच भल्यासाठी आलो होतो" असं ओरडलो आणि निघालो. वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही.

बोललो नाही, पण दिसायचं. माझा ट्रक संध्याकाळी त्याच रस्त्याने परतायचा. सर रोज आल्माझला चपला घालून, बोट धरून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. दारात आले की मोठ्याने म्हणायचे, "गेलो, आलो!" पुन्हा गिरणी, पुन्हा दार. चार चार खेपा. पावसात छत्री घेऊन. गिरणीवाला म्हणायचा, "सर, येताय तर दळण तरी आणा!" सर म्हणाले, "चालेल की," आणि दुसऱ्या दिवशी खरंच डबा घेऊन हजर.

चपला घालून बाहेर पडलेलं माणूस परत घरीच येतं, एवढंच ते तिला शिकवत होते. मी चार पोरांचा बाप. मला हे कधी शिकवावं लागलं नव्हतं.

पुढे पाण्याच्या टाकीसाठी चिरे हवेत म्हणून त्यांनीच निरोप पाठवला. राग होताच, भाव आणखी चढा सांगायचं ठरवून गेलो. आल्माझ आतून आली. गाल भरलेले, हातात अर्धं घावन. तिने मला टक लावून बघितलं, दाराजवळच्या चपला उचलून फ्रॉकखाली लपवल्या, सरांच्या मांडीवर चढली आणि मला म्हणाली, "तू जा."

"अगो, असं म्हणू नये," वहिनी ओशाळल्या.

"म्हणू दे," मी म्हटलं. त्या घरातून मला दुसऱ्यांदा घालवत होते. मला काय झालं कोण जाणे, भाव मी आपणहून उतरवून सांगितला. उभ्या धंद्यात पहिल्यांदा. सर म्हणाले, "चालेल की." आभाराचा एक शब्द नाही!

आल्माझ दहा वर्षांची झाली तेव्हा सरांना पुण्याच्या शाळेत जागा मिळाली. सामान माझ्याच ट्रकमध्ये भरलं. सगळं दोरीने बांधून झालं, आणि ही पडवीच्या पायरीवर बसून राहिली. शाळा सोडायची नव्हती, मैत्रिणी सोडायच्या नव्हत्या.

"मी नाही येत. तुम्ही दोघं जा."

"आम्ही खरंच जाऊ हां!" वहिनी चिडल्या.

"जा की!" ती म्हणाली. वळूनही बघितलं नाही. चपला बाजूला काढून, नख कुरतडत आरामात बसली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. सर माझ्याकडे वळले. डोळे भरलेले, आणि तोंडावर असं हसू की जणू पोर बोर्डात पहिली आली.

"ऐकलंत, शेठ? जा म्हणते आम्हाला!"

मग ते तिच्याशेजारी पायरीवर जाऊन बसले, निवांत, गाडीची घाई दुसऱ्याच कोणाला असल्यासारखे. मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.