पहिल्या उद्गाराची चिठ्ठी

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना आटोपली की आमच्या नांदुऱ्याच्या चर्चमध्ये पितळेच्या वाटीत सात चिठ्ठ्या टाकल्या जायच्या. प्रभूनं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार सात जणांना वाटून द्यायचे, आणि गुड फ्रायडेच्या दुपारी बारा ते तीन, ज्याच्या हाताला जो उद्गार लागला त्यानं उभं राहून त्यावर बोलायचं. पाळकसाहेबांचा नियम एकच होता, चिठ्ठी परत घेतली जाणार नाही. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. मी गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि चारचौघांत बोलायला कधी कचरले नव्हते.

त्या वर्षी मला पहिला उद्गार आला. ज्यांनी खिळे ठोकले त्यांना क्षमा कर, अशी देवबापाजवळ केलेली विनवणी. चिठ्ठी वाचली आणि माझं डोकंच फिरलं. सहा सोडून नेमका हाच!

कारण माझा थोरला भाऊ. आमचं माहेर देऊळगाव राजाचं. तीन वर्षांपूर्वी, ऐन एप्रिलात, बाबा तिथे वारले. दादानं मला तार केली नाही. चौथ्या दिवशी शाळेत पोस्टकार्ड आलं, मरणाच्या बातमीचं म्हणून कोपरा फाडलेलं. दादाच्या ठसठशीत अक्षरात तीन ओळी: बाबा गेले. माती झाली. येण्याची घाई करू नये.

आमच्यात पेटी खड्ड्यात उतरली की घरचं प्रत्येक माणूस मूठभर माती टाकतं, मग फावडी चालतात. तेवढंच एक काम आपल्या माणसासाठी शेवटचं उरलेलं असतं. ते माझ्या हातून झालं नाही. बाबांनी मला शिकवलं, नोकरीला लावलं, आणि त्यांच्यावर चार परक्यांनी माती लोटली तेव्हा मी वर्गात पाढे म्हणून घेत होते. मी तशीच देऊळगावला गेले. दादा ओट्यावर बसला होता. शेजारीपाजारी होते, त्यांच्यादेखत मी म्हटलं, "आजपासून तू मला मेला." मी पाणीही न पिता परतीची गाडी धरली.

त्यानंतर आमचं बोलणं बंद, पत्र बंद. वर आणखी एक गोष्ट माझ्या कानावर येत राहिली. वर्ष झालं, दोन झाली, तरी दादानं बाबांची कबर बांधली नव्हती. नुसता मातीचा ढिगारा, भोवती बाभळीच्या काट्या. एवढी कर्ती माणसं, आणि बापाच्या डोक्यावर एक दगड बसवता येत नाही! हे मी नांदुऱ्यात ज्याला त्याला सांगत सुटले होते. सांगताना बरं वाटायचं, हेही कबूल करते.

पण त्याची किंमत मी मोजत होते. मनात भावाबद्दल अढी ठेवून चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायचा नाही, हे बाबांनीच लहानपणी शिकवलेलं. तीन वर्षं भाकरीचं ताट रांगेतून माझ्यापर्यंत आलं की मी पुढे सरकवत होते. कधी डोकं दुखतंय म्हणायची, कधी पोट. देवाच्या ज्या घरात जन्मापासून जेवले, त्या घरात मी उपाशी बसत होते. तिथे मला कोणी अडवत नव्हतं, मीच आत जात नव्हते.

चिठ्ठी बदलायची म्हणून मी दवाखान्यातल्या नर्सबाईंना गाठलं. त्यांना पाचवा उद्गार आला होता, तहानेचा. एप्रिलात, गुड फ्रायडेच्या उपासात, त्यावर कोणीही बोलेल.

"काऊन बदलू?" नर्सबाई म्हणाल्या. "दरसाल मले कठीण येते. औंदा एक सोपं आलं, तर तेही तुले देऊ? जाय, तयारी कर."

घरी नवरा हसला. "तू क्षमेवर बोलशील? मग मी उपासावर बोलतो." त्याच्या उपासाचं सांगायचं तर तो सकाळी दहालाच मोडायचा.

मी चार पानं लिहिली. शाळेतल्या निबंधासारखी, शुद्ध आणि स्वच्छ. वाचून पाहिली की वाटायचं, हे कोण बोलतंय? आठवडाभर प्रार्थनेला बसले की दादाचं कार्ड डोळ्यांपुढे यायचं. सगळ्यांसमोर, काळ्या कापडानं झाकलेल्या वेदीपुढे, मी धडधडीत खोटं बोलणार होते. आणि तसं बोलले की परत त्या ताटाकडे वळायला मला तोंड राहणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. ताप यावा म्हणून मी उन्हात उभी राहून पाहिलं. ताप आला नाही.

शुक्रवारी घंटा वाजवत नाहीत. माणसं न बोलता येऊन बसली. कौलांतून उन्हाची धग खाली उतरत होती, जीभ टाळूला चिकटली होती. एक गीत झालं आणि पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. पानं उलगडली. पहिला परिच्छेद वाचला, आणि मालगाडी आली.

आमच्या चर्चमागूनच रेल्वेचे रूळ जातात. गाडी आली की बोलणाऱ्यानं थांबायचं, गेली की पुढे सुरू करायचं, ही तिथली रीत. मी थांबले. डबे संपता संपेनात. मान वर केली, तर दारात दादा उभा होता.

अंगावर धुळीचा थर, काखेत पिशवी. पहाटेची पहिली एस.टी. धरून, चिखली-बुलढाणा करत आला असणार. त्यानं चपला बाहेर काढल्या. नर्सबाई सरकल्या आणि तो शेवटच्या बाकाच्या टोकाला टेकला. तीन वर्षांत फार वाळला होता. आता माफी मागायला आला असेल, या दिवशी, या लोकांसमोर, असं वाटून मी त्याच्या चेहऱ्यावर ते शोधत होते. तिथे तसं काहीच नव्हतं. तो थकलेला होता आणि खाली बघत होता. मला संताप आला. मागायला नाही, तर मग आलास कशाला?

आणि त्याच संतापात, डबे खडखडत असताना, मला चर्रकन जाणवलं. गाडी गेली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पानं मिटली.

"माझ्या वाट्याला आलेलं हे मला जमलेलं नाही," मी म्हटलं. "तीन वर्षं मी वाट बघतेय की माझ्या भावानं येऊन चुकलो म्हणावं. पण त्या वधस्तंभाखाली कोणीच चुकलो म्हटलं नव्हतं. ते तर कपडे वाटून घेत होते. ती क्षमा कोणी मागितलीच नव्हती, आणि रक्त वाहत असतानाच त्यानं ती दिली. मग मी कशासाठी अडून बसलेय? माझा भाऊ दाराशी बसलाय. त्यानं मागितलेलं नाही. माझी द्यायची इच्छा नाही. तरी देते."

एवढंच. दहा मिनिटांचं बोलणं दोन मिनिटांत संपवून मी खाली बसले. पुढचे सहा उद्गार मी नीट ऐकलेच नाहीत. मागे वळून पाहायची हिंमत नव्हती. दादा उठून गेला तर, एवढं एकच मनात घोळत होतं. सगळ्यांपुढे मी त्याला उघडं पाडलं होतं, आणि माझा भाऊ मानी माणूस.

तीन वाजता बाहेर आले. तो लिंबाखाली उभा होता. माठातल्या पाण्यात गूळ कालवून उपास सोडायची पद्धत होती. मी तांब्या भरून त्याच्यापुढे धरला. त्यानं दोन तांबे रिचवले.

"बाई, तुला तार केली नाही मी," तो म्हणाला आणि थांबला. मी वाट पाहिली. पुढे काही आलं नाही. का केली नाही, ते त्यानं नंतरही कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग तोंड पुसून म्हणाला, "चर्चचे पंच म्हणतात, औंदा कबर बांध. तीन पावसाळे झाले, माती खचू लागली. म्हणून आलो."

"मग तीन वर्षं काऊन नाही बांधली?" माझा आवाज चढलाच. क्षमा केली म्हणून जीभ थोडीच बदलते.

"बांधू कशी?" दादा माझ्याकडे बघत म्हणाला. "तुह्या हातची माती पडायची राहिली ना. एकदा सिमेंट झालं की तू कुठून टाकणार?"

जे मी गावभर त्याचं पाप म्हणून सांगत फिरले, ते त्यानं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. लोकांची बोलणी खाल्ली, माझीही, आणि शेळ्यांनी तुडवू नये म्हणून दरसाल नव्या काट्या लावल्या. क्षमा मी केली म्हणत होते. ती मागायची तर मलाच होती.

शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. ईस्टरच्या पहाटे देऊळगावची मंडळी दफनभूमीत जमली. रिकाम्या कबरेची आणि बाजूला सारलेल्या धोंडीची वार्ता वाचली गेली. दादानं हातांनी एका बाजूच्या काट्या बाजूला केल्या. मी वाकून माती उचलली आणि बाबांवर टाकली. एकदा टाकून भागेना, म्हणून तीनदा टाकली.

मग उजाडल्यावर चर्चमध्ये प्रभुभोजन झालं. मी दादाशेजारी बसले होते. ताट त्याच्या हातून माझ्याकडे आलं. या वेळी मी ते पुढे सरकवलं नाही. भाकरीचा तुकडा उचलला, तेव्हा माझ्या नखांत अजून बाबांच्या कबरेची माती होती.