नरसिंहाचा दोर

गणपतीत आमच्या नंदुरबारच्या चौकात नरसिंहाचं सोंग निघे, तेव्हा पाय ठेवायला जागा नसे. मुखवटा घालणाऱ्याच्या अंगात येई, म्हणून दोघे जण त्याच्या कमरेचा दोर मागून धरत. त्या वर्षी दैत्य माझे मालक होते आणि दोर धरणाऱ्यांत माझा दीर होता. कागदी खांब फोडून नरसिंह धावला, तशा लोकांनी टाळ्या पिटल्या. दीरानेही दोर सोडून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला एकट्याने आवरेना. पत्र्याची नखं मालकांच्या पोटाकडे गेलेली पाहून मी बायकांतून धावले आणि दोर धरला. डोक्यावरचा पदर पडला.

“ओ भाबी, दैत्यले वाचाडस का!” कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

दैत्य मेला, आरती झाली, मालक उठून बसले, तरी माझी मूठ उघडेना.